फेगडे सरांचा हात

चित्रकलेच्या खोलीच्या दाराशी पत्र्याचा एक डबा ठेवलेला असायचा. आत जाताना प्रत्येकानं आपलं खोडरबर त्यात टाकायचं आणि तास संपला की परत घ्यायचं, असा फेगडे सरांचा नियम होता. चुकलेली रेघ पुसायची नाही.

"राहू द्या तिला तिथंच. तिच्या शेजारी दुसरी काढा," सर म्हणायचे. "चुकलेली समोर असली की बरोबरची कुठून न्यायची ते कळतं. पुसून टाकली की माणूस पुन्हा तीच चूक करतो."

त्यामुळे आमच्या शाळेतल्या मुलांची चित्रं झुडपासारखी दिसायची. एका तांब्याला दहा-बारा कडा. कुठली खरी ते बघणाऱ्यानं ठरवायचं. मी शास्त्र शिकवायला नवीनच रुजू झाले होते. मला वाटलं, या माणसाला स्वतःलाच नीट काढता येत नसेल.

सावद्यापासून पाच-सहा मैलांवरचं आमचं गाव. चहूकडे केळी. ऐंशीच्या दशकाचा मध्य असेल. फेगडे सर सावद्याहून सायकलनं यायचे. घरी केळीची शेती होती, ती भाऊ बघायचे. सर एकटेच धुळ्याला जाऊन चित्रकला शिक्षकाचा अभ्यासक्रम करून आले होते. बुटके, काळेसावळे, पूर्ण बाह्यांचा पांढरा शर्ट घालणारे. शर्टाच्या उजव्या बाहीला कुठला ना कुठला रंग लागलेला असायचाच. पाचवीतल्या पोरांनाही ते अहो-जाहो करायचे. मुलाला भाऊ, मुलीला ताई. "शोभाताई, पेन्सिल इतकी घट्ट धरू नका, ती पळून जात नाही." बाकीचे शिक्षक हसायचे. पोरं हसत नसत.

कौतुक त्यांनी कुणाचं केलं नाही. चित्र आवडलं की ते कागद उलटा धरायचे, डोकं खाली आणि पाय वर, आणि बराच वेळ बघत राहायचे. मग काही न बोलता परत द्यायचे. ज्याचा कागद सरांनी उलटा धरला, तो पोरगा दिवसभर ताठ चालायचा.

मी त्यांना पहिल्यांदा नीट पाहिलं ते गच्चीवर. सातवीच्या वर्गाला त्यांनी 'आपलं गाव' काढायला सांगितलं होतं. पन्नास पोरांनी पन्नास चित्रं काढली, ती सगळी एकच. दोन टोकदार डोंगर, मधून उगवणारा सूर्य, खाली नदी, काठाला झोपडी आणि नारळाचं झाड.

"हे गाव कुठलं हो?" सरांनी विचारलं.

"आपलं, सर."

"आपल्याकडे नारळ कुणाकडे आहे?"

कुणाकडेच नव्हता. सर सगळ्या वर्गाला घेऊन गच्चीवर गेले. गच्चीला कठडा नव्हता. खाली मुख्याध्यापक ओरडत होते, म्हणून मी वर गेले. सर उत्तरेकडे तोंड करून उभे होते. "तो सातपुडा. मोजा किती टोकं दिसतात."

पोरं बघत राहिली. टोक एकही नव्हतं. या बाजूपासून त्या बाजूपर्यंत एक निळसर, जवळजवळ आडवी रेघ होती. लहानपणापासून ती रोज दिसत होती आणि कुणी पाहिली नव्हती. मीही नाही.

पुढच्या तासाला पन्नास कागदांवर एकेक आडवी रेघ आली. शोभानं मात्र रेघेखाली केळीची रांग काढली होती आणि त्या रांगेतून जाणारे विजेचे खांब. सरांनी तिचा कागद उलटा धरला.

शोभा जवळच्या खेड्यातली. तिला आई नव्हती. आजोबांनी वाढवलेली. त्या आजोबांना सगळे आबा म्हणत.

दुसरी गोष्ट केळीच्या दांड्याची. आठवी-नववीला संकल्पचित्र असतं. चौकोनात एकच आकार पुन्हा पुन्हा बसवून नक्षी करायची. पुस्तकात कमळं आणि हंस होते. सर म्हणाले, आपल्याकडे हंस नाहीत. त्यांनी पोरांना केळीच्या पानांचे दांडे आणायला लावले. दांडा आडवा कापला की आत चंद्रकोरीच्या आकारात बारीक घरं दिसतात, मधाच्या पोळ्यासारखी. तो कापलेला तुकडा रंगात बुडवून कापडावर ठसा उमटवायचा. एक कोर अशी, एक कोर तशी, चार मिळून एक फूल. पोरांनी घरातली जुनी धोतरं आणि लुगडी आणून भरून टाकली.

केळीचा चीक कपड्याला लागला की तपकिरी डाग पडतो आणि तो जन्मात निघत नाही. आठ दिवसांत नववीतल्या सगळ्यांचे शर्ट चिकानं भरले. एका पोराची आई तो शर्ट घेऊनच शाळेत आली आणि तिनं सरांसमोर धरला.

"हे काय शिकोनं झालं, मास्तर? आता लग्नात काय घालीन हा?"

सरांनी शर्ट हातात घेऊन उजेडाकडे धरला. "ताई, डाग एका ओळीत पडलेत बघा. पोराला अंतर कळायला लागलं."

बाईनं वाकून डाग पाहिले. मग हसली आणि शर्ट घेऊन गेली. त्या वर्षीच्या स्नेहसंमेलनाला स्टेजचा पडदा पोरांनी छापलेल्या लुगड्यांचा होता. संस्थेच्या अध्यक्षांना सगळे नाना म्हणत. नानांनी पडदा हातात धरून पाहिला आणि विचारलं, "हा मुंबईहून मागवला का?" सर म्हणाले, "नाही, आपल्याच वावरातला आहे." नानांना ते फार आवडलं. पुढं दोन-तीन वर्षं येईल त्या पाहुण्याला ते हेच सांगायचे.

हे सगळं मी सांगते आहे कारण त्यानंतरचं सांगायचं आहे.

सरांच्या चित्रांना डाग पडायला लागले, ते आधी पोरांच्या लक्षात आलं. रंगवताना आपला हात करंगळीच्या बाजूनं कागदावर टेकतो. ओला रंग असेल तिथं आपण तो उचलून धरतो, कारण ओलं लागलेलं कळतं. सरांना कळेनासं झालं. दाखवायला म्हणून काढलेल्या चित्रावरून त्यांचा हात फिरायचा आणि आकाश केळीत मिसळायचं. "हात जड झालाय माझा," ते म्हणायचे आणि पुन्हा काढायचे.

मग सरसाची गोष्ट झाली. सरस म्हणजे रंगात घालायचा चिकट पदार्थ, तो उकळून पातळ करावा लागतो. शेगडी माझ्या प्रयोगशाळेत होती, म्हणून सर तिथं आले होते. मी वह्या तपासत होते. सरांनी उकळता डबा उघड्या हातानं उचलला, सात-आठ पावलं चालले आणि टेबलावर ठेवला. मला वास आला. मी वर पाहिलं तर करंगळीच्या बाजूची कातडी डब्याला चिकटून राहिली होती.

"सर, हात!"

त्यांनी हाताकडे पाहिलं. दुसऱ्या कुणाच्या तरी हाताकडे बघावं तसं. "अरे हो," ते म्हणाले.

मी मलम लावलं. मधल्या सुट्टीत मी ही गोष्ट स्टाफरूममध्ये गंमत म्हणून सांगितली, की फेगडे सर इतके तंद्रीत असतात. सगळे हसले. सरही हसले. मी शास्त्राची पदवीधर होते. मला त्यात दुसरं काही दिसलं नाही.

त्या जुलैत आरोग्य खात्याची माणसं शाळेत आली. त्या काळी ती गावोगाव, शाळाशाळांतून फिरून महारोगाची तपासणी करायची. मुख्याध्यापकांनी ते काम माझ्याकडे दिलं. चित्रकलेची खोली मोठी होती, म्हणून तपासणी तिथं ठेवली. पोरं शर्ट काढून रांगेत बसली. मुलींसाठी एक नर्सबाई होत्या, त्या पलीकडच्या खोलीत.

तपासणारा तरुण होता, शांत बोलायचा. चट्टा दिसला की तो पोराला डोळे मिटायला सांगायचा आणि पिसाच्या टोकानं अंगाला स्पर्श करायचा. जिथं स्पर्श झाला तिथं बोट ठेवून दाखवायचं. लहान पोरं घाबरली. एक जण रडायला लागला. तेव्हा फेगडे सर पुढं आले आणि स्टुलावर बसले.

"आधी माझी करा. हे बघू द्या, किती सोपं आहे."

त्यांनी डोळे मिटले. तरुणानं कपाळाला पीस लावलं, सरांनी कपाळावर बोट ठेवलं. गालाला लावलं, गालावर ठेवलं. पोरं खेळ बघावा तशी बघत होती. डावा पंजा, बरोबर. मग उजवा. करंगळीच्या बाजूला पीस लागलं. सर डोळे मिटून बसून राहिले.

तरुणानं पुन्हा लावलं.

"लावा ना," सर म्हणाले.

पोरं खदखदून हसली. त्यांना वाटलं सर मुद्दाम करताहेत. तरुण हसला नाही. त्यानं सरांची बाही वर केली. दंडाच्या आतल्या बाजूला रुपयाहून मोठा फिकट चट्टा होता. त्यानं कोपराच्या मागं दोन बोटं घालून काहीतरी चाचपलं. मग बाही खाली केली आणि म्हणाला, "छान. आता दुसरा कोण येतो?"

पोरांची तपासणी संपल्यावर त्यानं सरांना आणि मला, कारण मी तिथंच होते, सगळं नीट समजावून सांगितलं. हा सौम्य प्रकार आहे. यात संसर्ग होत नाही. सहा महिने औषध घेतलं की बरा होतो. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट कदाचित वाकलेलं राहील. नोकरी करायला काही हरकत नाही. हे त्यानं दोनदा सांगितलं. मी माझ्या कानांनी ऐकलं.

सर संध्याकाळी सायकल घेऊन फाटकाशी थांबले होते. मी बाहेर आले तशी म्हणाले, "बाई, कुणाला कधीच सांगू नका, असं मी म्हणत नाही. सप्टेंबरात चित्रकलेची इंटरमिजिएट परीक्षा आहे. अकरा पोरं बसताहेत. तेवढं होईपर्यंत गप्प राहा."

मी हो म्हटलं.

ऑगस्टमध्ये कुणीतरी त्यांना औषधाच्या दिवशी दवाखान्याच्या रांगेत पाहिलं. त्या रांगेत कोण उभं राहतं ते सगळ्यांना माहीत होतं. दोन दिवसांत गावात पसरलं. तिसऱ्या दिवशी शाळेच्या आवारात पन्नास-साठ पालक आले. शर्टाचे डाग घेऊन आलेली ती बाईही त्यात होती. कुणी ओरडत नव्हतं. त्यांनी एवढंच सांगितलं, की रक्तपितीचा माणूस शाळेत असेल तर उद्यापासून पोरं येणार नाहीत.

मुख्याध्यापकांच्या खोलीत बैठक झाली. नाना होते, चार-पाच पालक होते, आम्ही शिक्षक होतो. फेगडे सर दाराजवळच्या खुर्चीवर बसले होते, दोन्ही हात मांडीवर ठेवून. त्यांनी दवाखान्यातला कागद आणला होता. तो टेबलावर होता. कुणी उचलला नव्हता.

नाना वाईट माणूस नव्हते. ते म्हणाले, "कागदावर काय, काहीही लिहिता येतं. आपल्याकडे शास्त्राच्या बाई आहेत. बाई, तुम्ही सांगा. पोरांना धोका आहे का नाही?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी नववीला रोगांचा धडा शिकवत होते. हा रोग कसा होतो, कसा होत नाही, ते मी फळ्यावर लिहून दिलं होतं. त्या तरुणानं सांगितलेला शब्द न् शब्द मला आठवत होता. माझी मुलगी तेव्हा आठ महिन्यांची होती. त्या हाताला मी मलम लावलं होतं आणि घरी जाऊन तिला घेतलं होतं, एवढंच त्या वेळी माझ्या डोक्यात आलं.

"मला खात्रीनं नाही सांगता येणार," मी म्हणाले. "मोठ्या डॉक्टरांना विचारलेलं बरं."

"बघा," एक पालक म्हणाला. "शास्त्राच्या बाईसुद्धा खात्री देत नाहीत."

नंतर फार वेळ लागला नाही. उपचारासाठी दीर्घ मुदतीची रजा, असं ठरलं. अर्ज सरांनी तिथंच लिहून दिला. अक्षर नेहमीसारखं सुंदर होतं. मुख्याध्यापकांनी खिशातून रुमाल काढला आणि अर्ज रुमालात धरून घेतला.

दुसऱ्या दिवशी चित्रकलेची खोली रिकामी केली. पालकांनीच तशी अट घातली होती. ड्रॉइंग बोर्ड, कुंचले, कागद, पोरांची चित्रं, स्टेजचा पडदा, सगळं शाळेच्या मागच्या मोकळ्या जागेत आणून टाकलं. गोविंदा शिपायानं काडी लावली. सर किल्ल्या आणि नोंदवही द्यायला आले होते. ते बाजूला उभे राहून बघत होते.

माझ्या प्रयोगशाळेची खिडकी त्याच बाजूला होती. आठवीचा तास चालू होता. चुंबकाचा धडा. पोरं माना वळवून बाहेर बघत होती, मी त्यांना पुढं बघायला सांगितलं. बोर्ड लवकर पेटले. पडदा बराच वेळ नुसता धुमसत होता. गोविंदा काठीनं ढोसत होता. सर त्याला म्हणाले, "त्या बाजूला उभे राहू नका भाऊ, रंगाचा धूर छातीत जातो." खिडकीतून मला ते स्पष्ट ऐकू आलं.

मी तास पूर्ण केला. उत्तर ध्रुव, दक्षिण ध्रुव. गृहपाठ दिला. मला त्या वेळी काही वाटलं नाही. डोळ्यांत पाणी आलं, असं सांगता आलं असतं तर बरं झालं असतं. तसं काही झालं नाही. घरी गेले, मुलीला दूध पाजलं, स्वयंपाक केला.

जाताना सरांनी मुख्याध्यापकांकडे एकच गोष्ट मागितली होती. अकरा पोरांचे परीक्षेचे अर्ज रद्द करू नयेत. मुख्याध्यापकांनी ते रद्द केले नाहीत. पण शिकवणार कोण? पोरं घरीच बसून काहीतरी गिरवत होती.

पुढचं मला शोभानं पुष्कळ वर्षांनी सांगितलं. सर गेल्यावर तिनं दोन दिवस जेवण सोडलं. तिसऱ्या दिवशी आबा तिला बैलगाडीत घालून सावद्याला गेले, सरांच्या दारात. सर ओट्यावर बसले होते. त्यांना बघून उठले आणि घरात जायला लागले.

"मास्तर, काहून पयता?" आबा म्हणाले. "मी काय तुमाले खायाले आलो का?"

"आबा, तुम्हाला माहीत नसेल. मला..."

"मले सगयं माहीत हाये. माह्या काकाले हेच दुखनं होतं. त्याले वावरातल्या झोपडीत ठेवलं होतं घरच्यानं. म्या दहा वरीस त्याले भाकर नेऊन देली. त्याच्याजोडी बसून जेवलो. झालं का मले काही?" त्यांनी आपले दोन्ही हात पुढं केले. "पोरगी जेवत नही. तिले शिकवा. घरी नको वाटत असीन तर माह्या मळ्यात या."

सर मळ्यात जायला लागले. विहिरीजवळ पाण्याच्या मोटारीची खोली होती, तिच्या ओट्यावर शोभा बसायची. सर चार-पाच हात लांब उभे राहायचे. त्यांनी तिच्या कागदाला कधी हात लावला नाही. ती कागद ओट्यावर ठेवून मागं सरायची, मग ते पुढं यायचे, हात पाठीमागं बांधून वाकून बघायचे आणि बोलून सांगायचे. ही कड बाहेर गेली, ती सावली हलकी करा. आबांना त्याचा राग यायचा.

"मास्तर, घ्या ना तो कागद हातात. चावते का तो?"

"नको आबा," सर म्हणायचे. "आता मला बोलूनच शिकवता आलं पाहिजे."

चार दिवसांत तिथं आणखी तिघी आल्या, घरी न सांगता. मग दोन मुलगे. परीक्षेच्या आठवड्यापर्यंत अकराच्या अकरा जण आबांच्या मळ्यात जमत होते. गावाला ते कळलं नसेल असं नाही. पण मळा आबांचा होता आणि आबांना कुणी काही बोललं नाही. एका म्हाताऱ्या शेतकऱ्यानं जे सांगितलं, ते सांगण्यासाठी त्याला कुठलं पुस्तक वाचावं लागलं नव्हतं.

परीक्षेचं केंद्र जळगावला होतं. पोरांना घेऊन मला जावं लागलं, कारण दुसरं कुणी तयार नव्हतं. पहिल्या दिवशी सकाळी केंद्राच्या फाटकाशी पोरं एकदम थांबली आणि रस्त्यापलीकडे बघायला लागली. तिथं कडुनिंबाखाली फेगडे सर उभे होते. सायकल नव्हती, म्हणजे एस.टी.नं आले असणार. उजवा हात खिशात होता. पोरांनी हात हलवले. सरांनी डावा हात वर केला.

संध्याकाळी पेपर सुटला तेव्हाही ते तिथंच होते. दुसऱ्या दिवशीही. रस्ता काही रुंद नव्हता. दहा-बारा पावलांत ओलांडता आला असता. मी पोरांची हजेरी घेतली आणि त्यांना रांगेत स्टँडवर घेऊन गेले.

अकराही पोरं पास झाली. शोभाला 'अ' श्रेणी मिळाली. शाळेच्या फळ्यावर निकाल लागला, त्यावर मार्गदर्शक शिक्षक म्हणून कुणाचंच नाव नव्हतं.

सहा महिन्यांनी सर बरे झाल्याचा दाखला घेऊन शाळेत आले. मुख्याध्यापकांनी त्यांना बाहेरच्या बाकावर बसवलं. संस्था विचार करून कळवेल, असं सांगितलं. पुढच्या खेपेलाही तेच. त्यापुढच्या खेपेलाही. वर्षभरानं सर यायचे थांबले. चित्रकलेचे तास गणिताला दिले गेले आणि त्या खोलीत बाकं ठेवून नववीची नवी तुकडी बसवली. सर बायको-मुलांना घेऊन धुळ्याला गेले, असं गोविंदाकडून कळलं. तिथं एका शाळेनं त्यांना घेतलं होतं.

शोभा पुढं धुळ्याला शिकली आणि शिक्षिका झाली. ती एकदा मला भेटली. मळ्याची हकिकत सांगताना ती खूप हसली, आबांची नक्कल केली. मग एकदम म्हणाली, "बाई, तुम्हाला सगळं माहीत होतं ना?" मी हो म्हटलं. तिनं एका कागदावर सरांच्या शाळेचा पत्ता लिहून दिला.

तो कागद पर्समध्ये वर्षभर होता. नव्वदचं दशक अर्धं सरलं होतं. शिक्षकांच्या प्रशिक्षणासाठी मला तीन दिवस धुळ्याला जावं लागलं. तिसऱ्या दिवशी दुपारी सुटी झाली. मी रिक्षा केली.

फाटकाशी एक म्हातारा शिपाई बसला होता. मी फेगडे सरांचं नाव घेतलं.

"चित्रकलाना सर ना? वर शेतस. जा ना बाई, काय डर शे?"

मी जिना चढून वर गेले. सर वर्गाबाहेर व्हरांड्यात उभे होते, खांबाला टेकून, आत पोरं काहीतरी काढत होती. केस पांढरे झाले होते. शर्ट तसाच, पूर्ण बाह्यांचा. उजव्या हाताची शेवटची दोन बोटं आत वळलेली होती. बाकी काही बदललं नव्हतं. मला बघून ते म्हणाले, "या बाई."

आम्ही थोडं बोललो. मुख्याध्यापक निवृत्त झाले, नाना वारले, हे मी सांगितलं. त्यांना ते माहीत होतं. त्यांच्या मुलाला नाशिकला नोकरी लागली होती. इथं कसं आहे विचारलं, तर म्हणाले, "बरं आहे. पहिल्याच दिवशी मी स्वतःच सगळं सांगितलं. त्यांनी दाखला बघितला आणि वेळापत्रक हातात दिलं." एवढंच.

आतून पेन्सिलींचा आवाज येत होता. आठ-नऊ वर्षं मी ते वाक्य कधी असं, कधी तसं जुळवत आले होते. प्रत्यक्षात ते अगदी साधं बाहेर पडलं.

"सर, त्या दिवशी बैठकीत मी बोलायला हवं होतं."

ते माझ्याकडे बघत होते. मला वाटलं ते म्हणतील, जाऊ द्या बाई, झालं ते झालं. आपल्याकडे माणसं तसं म्हणतात. मी त्याची वाट बघत होते.

"हो," सर म्हणाले. "बोलायला हवं होतं."

आवाजात राग नव्हता. समोरचा तांब्या डावीकडे कललेला असेल तर तो कललाय म्हणून सांगावं, तसं त्यांनी ते सांगितलं.

मी मान हलवली. त्यांनी विचारलं, "बस किती वाजता आहे?"

"पावणेपाचला."

"मग निघा. उशीर झाला तर बसायला जागा मिळणार नाही." एवढं बोलून ते वर्गात गेले.

मी लगेच निघाले नाही. दार उघडंच होतं. सर बाकांमधून फिरत होते आणि पुढच्या आठवड्याचं सांगत होते. "प्रत्येकानं घरून एक भांडं आणायचं. नवं नको. रोजच्या वापरातलं, पोचा पडलेलं असलं तर फारच चांगलं." मागून कुणीतरी पोरगी म्हणाली, "सर, आमच्या घरचं सगळंच पोचलेलं आहे." वर्ग हसला. सरही हसले. मग ते तिच्या बाकाशी थांबले आणि तिचा कागद बघायला खाली वाकले, आणि मला त्यांची फक्त पाठ दिसायला लागली.

मी जिना उतरले.